मातीच्या थरांची साक्ष

आपल्याकडे गावच्या जमिनीचे पूर्वापार दोन भाग मानलेले आहेत. जीत पीक येते ती काळी आणि जिच्यावर वस्ती नांदते ती पांढरी. पांढरीला हे नाव का पडले याचे कारण तिच्या मातीतच आहे. मातीची घरे बांधावीत, पावसापाण्याने ती ढासळावीत, त्याच जागी पुन्हा नवी उभारावीत, चुलीतील राख आणि घरातील केरकचरा भोवताली पडत जावा, असे शेकडो वर्षे चालले म्हणजे वस्तीखालची जमीन फिकट व भुसभुशीत होते आणि हळूहळू उंचावत जाते. नदीकाठच्या कितीतरी गावांलगत, आणि गाव उठून गेले असेल तर ओसाड रानात, अशा पांढरीचे टेकाड उभे असते. पुरातत्त्वज्ञ खणावयास बसतो तो बहुधा असल्याच एखाद्या टेकाडावर. त्याच्यापुढे जो एक अवघड प्रश्न सतत उभा असतो, त्याचा आज विचार करावयाचा आहे. जमिनीत सापडलेली वस्तू मुळात जिथे पडली तिथेच राहिलेली असते काय, हा तो प्रश्न.

थरांच्या शास्त्राचा पाया अगदी साधा आहे. इ. स. १६६९ मध्ये निकोलस स्टेनो या डॅनिश विद्वानाने तो प्रथम नीट शब्दांत मांडला. जे थर एकावर एक साचले आहेत त्यांत खालचा आधीचा आणि वरचा नंतरचा. कोपऱ्यात साठत गेलेल्या वर्तमानपत्रांच्या रद्दीत तळाचा अंक सर्वांत जुना असावयाचा, त्यातलाच हा प्रकार. आपल्या देशात या तत्त्वाचा काटेकोर अंमल सुरू झाला तो १९४४ नंतर. त्या वर्षी मॉर्टिमर व्हीलर हे पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. मोहेंजोदडो येथे त्यांच्यापूर्वी झालेल्या उत्खननात एका ठराविक पातळीपासून वस्तू किती फूट खाली मिळाली याची नोंद होत असे. परंतु जमीन काही पाटासारखी सपाट नसते. उतारावर एकाच दिवशी पडलेल्या दोन वस्तूंच्या खोलीत चार फुटांचा फरक पडू शकतो. तेव्हा फूटपट्टी बाजूला ठेवून थर ओळखावा, त्याला क्रमांक द्यावा आणि वस्तूच्या नावापुढे तो क्रमांक लिहावा, असा व्हीलर यांचा आग्रह होता. तक्षशिला येथे त्यांनी तरुण अभ्यासकांना हेच शिकविले. आजही उत्खननाच्या खड्ड्याची भिंत सरळ तासून तिच्यावर सुरीने थरांच्या रेषा ओढलेल्या आणि क्रमांकांच्या चिठ्ठ्या टोचलेल्या आपणांस दिसतील.

या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी एक गृहीत आहे. थर तयार झाला की त्यातील वस्तूंवर जणू मोहोर बसली, पुढे त्या हलल्या नाहीत, असे ते गृहीत होय. थर हा साक्षीदार आणि वस्तूच्या काळाविषयी त्याची साक्ष प्रमाण. पण माती ही निर्जीव पेटी नव्हे. ती भिजते, वाळते, फुगते, आक्रसते. तिच्यात प्राणी राहतात, मुळे शिरतात, तिच्यावरून गुरे चालतात. आणि सर्वांत अधिक ढवळाढवळ करणारा प्राणी म्हणजे स्वतः मनुष्य.

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वी आणि त्याच्याही आधी तिथे राहणारे शेतकरी धान्य साठविण्यासाठी जमिनीत पेवे खणीत. लहान मूल दगावले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवीत, त्यांत त्या मुलाचे शव असे, आणि हे सारे राहत्या घराच्याच जमिनीत खड्डा करून पुरीत. अशी दोनशेहून अधिक दफने त्या एका गावी मिळाली. आता समजा, वरून तिसऱ्या थरातील घरात राहणाऱ्या कुटुंबाने असा खड्डा खणला आणि तो चौथा थर भेदून पाचव्यात गेला. मडकी पाचव्या थराच्या खोलीवर आहेत, पण ती तिसऱ्या थराच्या काळातील आहेत. खड्ड्याचे तोंड कोणत्या थरातून सुरू होते हे ज्याने पाहिले तो बरोबर सांगेल. ज्याच्या नजरेतून खड्ड्याची कड निसटली तो त्या अभागी बालकाला दोनतीनशे वर्षांनी म्हातारे करून ठेवील. शिवाय खड्डा खणताना निघालेली माती वर अंगणात पसरते आणि तिच्यासंगे पाचव्या थरातील खापरे तिसऱ्यात येऊन पडतात. एकाच खड्ड्याने नवे खाली जाते आणि जुने वर येते.

यांतील कोणता फेरफार अधिक घातक? जुने वर आले तर फारसे बिघडत नाही. थराचा काळ त्यातील सर्वांत अलीकडच्या वस्तूवरून ठरवावयाचा असतो. आपल्या घरात पणजोबांच्या वेळची अडकित्ता-पानपुड्यासारखी वस्तू असली म्हणून घर पणजोबांच्या काळचे ठरत नाही. पण अलीकडची वस्तू घसरून खाली गेली की हिशोबाचा पायाच ढासळतो. त्यातही एक तारतम्य आहे. सातवाहनकालीन थरात शिवराई पैसा मिळाला, तर ती घुसखोरी नवशिक्यासही कळेल. जी वस्तू चेहऱ्यावरून ओळखू येत नाही तिचीच खरी भीती. कोळशाचा कण, जवाचा दाणा, गारगोटीचा छिलका, यांच्यावर कुठल्याही राजाचा छाप नसतो. आणि नेमक्या याच वस्तू आकाराने लहान असल्यामुळे सर्वांत सहज प्रवास करतात.

घुशी, उंदीर आणि मुळे यांचे काम कुणालाही कल्पनेने समजण्यासारखे आहे. बिळे पोखरली जातात, वरची माती त्यांत भरते, आणि छेदात ती निराळ्या रंगाच्या गोल ठिपक्यांसारखी दिसतात. मात्र भरलेली माती भोवतालच्या मातीच्याच रंगाची असेल तर बीळ दिसतच नाही. वाळवी तर मातीचे बारीक कण वर आणून वारूळ बांधते आणि जे कण तिला उचलत नाहीत ते खाली बसत जातात. उत्तर ऑस्ट्रेलियातील मज्जेडबेबे या शैलाश्रयात माणूस ६५,००० वर्षांपूर्वी होता असे २०१७ साली जाहीर झाले. त्यावर जो वाद चालला, त्यात दगडी अवजारे वाळूतून खाली सरकली असावीत काय, हाच मुख्य मुद्दा होता. एका खंडावर मनुष्याचे पाऊल केव्हा पडले हे काही अंशी वाळवीच्या सवयींवर अवलंबून राहावे, ही गोष्ट मोठी चमत्कारिक खरी.

या विषयाचा पहिला सूक्ष्म अभ्यास मात्र गांडुळांवर झाला, आणि तो करणारा गृहस्थ चार्ल्स डार्विन होता. जीवसृष्टीच्या उत्क्रांतीचा सिद्धांत मांडून जगभर खळबळ उडवून देणाऱ्या या शास्त्रज्ञाने आपले शेवटचे पुस्तक १८८१ साली गांडुळांवर लिहिले. डाउन या खेड्यातील आपल्या घराजवळच्या कुरणात त्याने डिसेंबर १८४२ मध्ये खडूच्या दगडाचे तुकडे पसरविले आणि नंतर तो वाट पाहत राहिला. एकोणतीस वर्षे. नोव्हेंबर १८७१ मध्ये त्या कुरणात चर खणला तेव्हा चराच्या दोन्ही बाजूंस पांढऱ्या तुकड्यांची एक ओळ दिसली. ती जमिनीच्या पृष्ठभागापासून सात इंच खोल होती. कुणी त्यांवर माती टाकली नव्हती. गांडुळे खालची बारीक माती गिळून विष्ठेच्या रूपाने वर आणून टाकीत होती. जे तुकडे त्यांना गिळता येत नव्हते ते आपल्या जागी खचत गेले. प्रत्येक एकरात वर्षाकाठी दहा टनांहून अधिक माती अशी गांडुळांच्या शरीरातून जाते, असा त्याचा इंग्लंडपुरता हिशोब होता. पुढे ॲबिंजर येथील रोमन घराचे अवशेष आणि स्टोनहेंजचे आडवे पडलेले दगड यांभोवतीही त्याने या दृष्टीने पाहणी केली. प्राचीन नाणी, दागिने व हत्यारे गाडली जाऊन सुरक्षित राहिली याबद्दल पुराणवस्तुप्रेमींनी गांडुळांचे ऋणी असले पाहिजे, असे त्याचे मत होते.

ते मत खरेच आहे, पण त्याची दुसरी बाजू डार्विनच्या काळी तितकीशी जाणवण्याचे कारण नव्हते. गांडुळांचा वावर एका मर्यादित खोलीपर्यंत असतो. त्या खोलीवर पोहोचले की दगड खचावयाचे थांबतात. म्हणजे आज टाकलेला दगड आणि दोनशे वर्षांपूर्वी टाकलेला दगड कालांतराने एकाच पातळीवर येऊन बसतात आणि त्यांची एक सुबक रांग तयार होते. अशी रांग छेदात पाहिली की खणणाऱ्यास वाटावे, ही एके काळची वापरातील जमीन आहे. वास्तविक तिथे कुणी कधीच चाललेले नसते.

आता आपल्या काळीकडे वळू. दख्खनच्या या कापसाच्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्यास पुस्तक न वाचता ठाऊक असतो. तिच्यातील चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आक्रसते. चैत्र-वैशाखात तिला भेगा पडतात. हात कोपरापर्यंत आत जावा अशा त्या असतात, आणि काही त्याहूनही खोल. वाऱ्याने, गुरांच्या पायाने वरची भुगा झालेली माती भेगेत पडते. तिच्यासंगे एखादा मणी, खापराचा तुकडा, गारगोटीचे लहान पातेही पडते. मृगाचा पाऊस आला की भेग मिटते आणि आत गेलेली वस्तू तिथेच गाडली जाते. पण इथे गोष्ट संपत नाही. भेगेत अधिकची माती शिरलेली असते, तेव्हा फुगताना जमिनीस आडवी जागा पुरत नाही आणि ती वर उचलली जाते. मोठे दगड भेगेत मावत नाहीत, पण या उचलण्याबरोबर ते तसूतसूने वर येतात. शेतातील दगड दरसाल वेचले तरी पुन्हा का दिसू लागतात, याचे एक कारण हे आहे. म्हणजे त्याच जमिनीत लहान वस्तू खाली चालल्या आहेत आणि मोठ्या वर चालल्या आहेत. काही शतके असे चालले तर थर म्हणून जे काही उरेल त्याच्या साक्षीवर विसंबावयाचे कसे? माझ्या मते आपल्या प्रदेशातील पुरातत्त्वाला विलायती पुस्तकांतून न मिळणारा धडा हाच आहे. व्हीलर यांनी जे थर मनात धरून नियम घालून दिले, ते मुख्यतः पांढरीचे होते. काळीचा कायदा वेगळा आहे.

नदीकाठी आणखी एक अडचण उद्भवते. तिथे नुसती वस्तूच नव्हे तर आख्खा थरच जागा बदलतो. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आणि त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन हातकुऱ्हाडी मिळाल्या. राखेचे वय मोजता येते, म्हणून मोठी आशा वाटली. परंतु कुणी ते वय १४ लाख वर्षे काढले, कुणी ६ लाख ७० हजार, तर कुणी अवघे ७४,००० वर्षे. राख आकाशातून पडली त्याच जागी आहे की पाण्याने वाहून येऊन नंतर साचली, आणि अवजारे तिच्याबरोबरची आहेत की आधीची वा नंतरची, हे प्रश्न त्या वयाइतकेच महत्त्वाचे ठरले.

यांतील ७४,००० वर्षांचा आकडा सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीच्या महास्फोटाचा आहे. त्याची राख भारतात अनेक ठिकाणी मिळते. आंध्र प्रदेशात जुर्रेरू नदीच्या खोऱ्यात ज्वालापुरम् येथे या राखेच्या खाली आणि वरही दगडी अवजारे मिळाल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. त्या भयंकर आपत्तीपूर्वी तिथे माणूस होता आणि नंतरही राहिला, असे त्यावरून म्हणता येते. पण केव्हा म्हणता येते? अवजारे आपल्या जागेवरून खालीवर झाली नसतील तेव्हा. याच खोऱ्यात संशोधकांनी एक प्रयोग केला आणि तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी दगडाचे छिलके मोजूनमापून जमिनीवर पसरले. काही जमीन कोरडी ठेवली, काही पाण्याने भिजविली, आणि मग तिच्यावरून म्हशी आणि शेळ्या फिरविल्या. कोरड्या जमिनीत छिलके फारसे खाली गेले नाहीत. चिखलात मात्र ते चांगलेच खोल रुतले, आणि रुतताना तिरपे, जवळजवळ उभे राहिले. या उभेपणात एक खूण दडलेली आहे. जमिनीवर टाकलेला छिलका स्वाभाविकपणे आडवा पडतो. उत्खननात जर छिलकेच्या छिलके उभे दिसू लागले, तर इथून कधीतरी ओल्या जमिनीवर जनावरे गेली असावीत असा संशय घ्यावयास हवा. तेव्हा आता वस्तूच्या खोलीबरोबर तिचा कलही नोंदवावयाचा असतो.

संशय घ्यावयास शिकविणारी सर्वांत बोलकी युक्ती याहूनही सोपी आहे. दगड फोडून अवजार करताना एकाच गारेचे अनेक तुकडे पडतात. ते पुन्हा एकमेकांस जुळवून पाहावयाचे, फुटलेल्या बशीचे तुकडे जुळवावेत तसे. जे तुकडे जुळतील ते एकाच माणसाच्या हातून एकाच बैठकीत निघालेले असणार. आफ्रिकेत किन्शासा शहराजवळ कांगो नदीच्या काठी गोंबे नावाचे टोक आहे. १९२० नंतरच्या दशकात तिथे झालेल्या उत्खननावरून मध्य आफ्रिकेच्या अश्मयुगातील एकामागून एक आलेल्या संस्कृतींची एक क्रमवारी ठरविण्यात आली होती आणि ती पाठ्यपुस्तकांतही गेली होती. पुढे दानियेल काहेन या संशोधकाने तिथे पुन्हा खणले आणि तुकडे जुळवावयास घेतले. तेव्हा निरनिराळ्या थरांतील, म्हणजेच निरनिराळ्या मानलेल्या संस्कृतींतील तुकडे एकमेकांस तंतोतंत जुळले. काहींमधील उभे अंतर मीटरभर होते. त्या वाळूत थर म्हणून जे दिसत होते ते वस्तूंच्या मुक्कामाचे होते, वस्तीचे नव्हते. १९७७ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि कित्येक दशकांची क्रमवारी मोडकळीस आली.

असाच प्रकार ईजिप्तमध्ये जवाच्या दाण्यांबाबत घडला. आस्वानजवळच्या वादी कुब्बानिया येथे १७ ते १८ हजार वर्षांपूर्वीच्या थरांत जवाचे दाणे मिळाल्याचे १९७९ साली जाहीर झाले. धान्य पिकविण्याची कला जगात दहाअकरा हजार वर्षांपूर्वीची मानली जाते. ती एकदम कितीतरी मागे न्यावी लागणार, अशी चिन्हे दिसू लागली. परंतु हे वय दाण्याचे नव्हते. त्या काळी कार्बनच्या पद्धतीने वय काढावयास पुष्कळ कोळसा लागे. म्हणून थरातील कोळशाचे वय काढले गेले आणि दाण्यास ते उसने देण्यात आले. थोड्याच वर्षांत त्वरकयंत्राच्या साहाय्याने एका दाण्याचेही वय मोजता येऊ लागले. तेव्हा ते दाणे पाच हजार वर्षांच्या आतले निघाले. वरून कुठून तरी, एखाद्या भेगेतून वा बिळातून, ते खाली उतरले होते. १९८४ मध्ये हा निर्णय प्रसिद्ध करणाऱ्यांत मूळ उत्खननाचे प्रमुख फ्रेड वेंडॉर्फ हे स्वतः होते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. आपणच बांधलेला इमला आपल्या हाताने उतरविण्यास मोठे मन लागते.

श्रोतेहो, हे ऐकून आपण म्हणाल की, मग या थरांच्या खटाटोपात अर्थ तो काय राहिला? याचे उत्तर आपल्याच भूमीत आहे. अहमदनगर जिल्ह्यात, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, प्रवरेकाठी दायमाबाद येथे १९७४ साली झाडाचा बुंधा खणून काढताना काशाच्या चार मूर्ती मिळाल्या. बैलजोडी जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारींचे मिळून वजन ६० किलोहून अधिक. कारागिरी पाहून डोळे निवावेत अशी. पण त्या कोणत्या थरात होत्या हे कुणी पाहिले नव्हते. झाल्या गोष्टीस इलाज नाही. मूर्ती उत्तर हडप्पाकालीन आहेत असे काही थोर विद्वानांचे मत, तर धातूच्या पृथक्करणावरून त्या बऱ्याच अलीकडच्या असाव्यात अशी दुसऱ्यांस शंका, आणि हा वाद निर्णायकपणे मिटलेला नाही. एक सदोष साक्षीदार आणि साक्षीदारच नाही, यांत किती अंतर आहे हे इथे दिसते.

तेव्हा साक्षीदाराची उलटतपासणी करावयाची, एवढाच मार्ग उरतो. काही साक्षी मुळातच बळकट असतात. जिच्याखालची माती भाजून लाल झाली आहे अशी चूल सरकत नाही. सारवलेली जमीन अखंड असेल तर तिच्याखालून वर वा वरून खाली काही गेलेले नाही. ज्या सांगाड्याची बोटांची पेरेही जागच्या जागी आहेत तो हललेला नाही. अशा गोष्टींस लागून मिळालेल्या वस्तूचा शब्द मानावा. सुट्या मातीतील एकट्यादुकट्या मण्याचा किंवा दाण्याचा शब्द मात्र दुसरा पुरावा मिळेपर्यंत राखून ठेवावा. दुर्दैवाने आपल्याकडील कितीतरी पांढरीची टेकाडे खतासाठी आणि भिंतींसाठी माती उकरून नेल्यामुळे अर्धीमुर्धी झाली आहेत. तिथे ना चूल उरली, ना जमीन. शेतकऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही. ती माती पिकास खरोखरच मानवते.

वस्तू मातीत कशा वागतात हे एकदा आरंभापासून पाहावे, या हेतूने इंग्लंडमध्ये विल्टशायर परगण्यात ओव्हरटन डाउन येथे १९६० साली खडूच्या मातीचा एक बांध मुद्दाम घालण्यात आला आणि शेजारी खंदक खणण्यात आला. डार्विनच्या सिद्धांताच्या शताब्दीनिमित्त ही कल्पना पुढे आली होती. बांधाच्या पोटात कापड, चामडे, लाकूड, हाडे आणि खापरे ठराविक जागी ठेवून त्यांची मोजमापे लिहून ठेवली गेली. मग तो बांध कापून पाहावयाचे वेळापत्रक ठरले. प्रथम दोन वर्षांनी, नंतर चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट आणि अखेर एकशेअठ्ठावीस वर्षांनी. दरवेळी त्या बांधाचा एक नवा भाग उघडावयाचा आणि खापर पूर्वीच्या जागेवरून किती बोटे हलले ते मोजावयाचे. पहिला छेद १९६२ मध्ये घेतला गेला. शेवटचा २०८८ मध्ये घ्यावयाचा आहे.